जिन्याखालचे सिंगर यंत्र: भंगारात द्यावे की दुरुस्त करावे?

सचिव (अ-१०४): सर्व सभासदांना नमस्कार. रंगकाम सुरू होण्यापूर्वी जिन्याखालची जागा मोकळी करावयाची आहे. तेथे पायडलचे एक जुने सिंगर शिवणयंत्र पडून आहे. ते ज्या कुटुंबाचे होते, त्यांनी घर सोडताना ते सोसायटीला दिल्याचे लेखी कळवले आहे. भंगारवाला लोखंडाच्या वजनावर घेण्यास तयार आहे. कोणाची हरकत असल्यास शनिवारपर्यंत येथेच कळवावी.

क-६०२: सचिव महोदय, कृपया घाई करू नये. मला कालच एक संदेश आला आहे, की जुन्या सिंगर यंत्रांच्या सुईत ‘लाल पारा’ असतो आणि परदेशात त्याचे लाखो रुपये मिळतात. सुईजवळ मोबाइल नेल्यावर नेटवर्क गेले, तर यंत्र अस्सल समजावे, असे त्यात लिहिले आहे. एकदा खाली जाऊन पाहावे काय?

ब-३०३: काका, हा संदेश बराच जुना आहे. २००९ च्या एप्रिल महिन्यात सौदी अरेबियात हीच अफवा पसरली होती, लोकांनी मोडक्या यंत्रांसाठी भरमसाट किमती मोजल्या होत्या आणि मोबाइलची ही परीक्षासुद्धा तेव्हाचीच आहे. असा लाल पारा प्रत्यक्षात असल्याचे कोणीही दाखवून दिलेले नाही, आणि शिवणयंत्राची सुई साध्या पोलादाची असते, जी बोथट झाली की शिंपी ती टाकून देतो. आपल्या जिन्याखाली नेटवर्क एरवीही येत नाही, त्यामुळे या परीक्षेत आपले यंत्र पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होईल, एवढे मात्र खरे.

माझी हरकत वेगळ्या कारणासाठी आहे. मी काल संध्याकाळी खाली जाऊन यंत्र पाहून आले. चाक फिरत नाही, परंतु बिडाला कोठेही तडा गेलेला नाही, कापड पुढे सरकवणारे दाते शाबूत आहेत आणि बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) जागेवर आहे. जी यंत्रे वर्षानुवर्षे पडून राहतात, ती बहुधा मोडलेली नसतातच. त्यांच्यातील जुने तेल सुकून डिंकासारखे घट्ट झालेले असते. मी सवडीने अशी यंत्रे दुरुस्त करते, हे काहींना ठाऊक असेलच. हे यंत्र चालू करता येईल असे मला वाटते, म्हणून ते भंगारात देऊ नये अशी विनंती आहे.

सचिव (अ-१०४): ताई, यंत्र किती जुने असावे? आणि त्याची काही किंमत येईल काय? कार्यकारिणीपुढे मांडावे लागेल.

ब-३०३: किमतीच्या बाबतीत आशा ठेवू नये. सिंगर कंपनीने ही यंत्रे लाखोंच्या संख्येने तयार केली, शिवाय १८५६ पासूनच ती हप्त्यांवर विकण्याची पद्धत सुरू केली, त्यामुळे ती बेताच्या उत्पन्नाच्या घरांतही पोहोचली. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात अशी यंत्रे आजही दिसतात. जी वस्तू घरोघरी होती, ती केवळ जुनी झाली म्हणून दुर्मिळ होत नाही.

वयाचा अंदाज मात्र चांगला लागतो. बैठकीच्या उजव्या बाजूला क्रमांक कोरलेला असतो. आपल्या यंत्राच्या क्रमांकाआधी ‘ई’ने सुरू होणारी दोन अक्षरे आहेत, म्हणजे ते स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यात आणि १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर तयार झालेले आहे. त्याआधीच्या काळात याच कारखान्याच्या यंत्रांवर ‘वाय’ हे एकच अक्षर आढळते, तर १९०० पूर्वीच्या सिंगर यंत्रांवर नुसते आकडे असतात. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला, परंतु तेथील रेल्वे स्थानकाचे नाव अजूनही ‘सिंगर’ आहे.

आपले यंत्र ‘१५’ या वर्गातील आहे, ही सर्वांत समाधानाची बाब. त्याची बॉबिन गोल असून ती केसमध्ये घालून डाव्या बाजूने बसवतात. आपल्याकडील काळ्या रंगाच्या घरगुती यंत्रांची रचना बहुतांशी याच धर्तीची असल्यामुळे बॉबिन, केस, शटल (वरचा दोरा खालच्या दोऱ्यात गुंतवणारा भाग), स्प्रिंग हे सर्व सुटे भाग लुधियानाचे आणि स्वस्तात मिळतात. याउलट ‘२८’ या वर्गाचे लहान हातमशीन असते, ज्यात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शटल आणि लांब बॉबिन असते, तर त्याचे हरवलेले शटल शोधत फिरावे लागले असते.

अ-५०१: मी एक व्यावहारिक पर्याय सुचवू इच्छितो. वरचे यंत्र ज्यांना हवे त्यांनी घ्यावे आणि बिडाच्या पायांवर संगमरवराची फळी बसवून क्लबहाऊससाठी टेबल तयार करावे. अनेक उपाहारगृहांत अशी टेबले पाहिली आहेत आणि ती फार सुंदर दिसतात.

ब-३०३: दादा, सुंदर दिसतात हे मान्य, आणि ज्या पायांवरचे यंत्र कधीच हरवले आहे त्यांचे टेबल करण्याला माझा विरोध नाही. परंतु येथे पाय, मोठे चाक, पायडल आणि त्यांना जोडणारा लाकडी दांडा हे सर्व एकत्र आहे. हे पाय काढून घेतले तर वरच्या यंत्राला चालवणारे काही उरत नाही आणि मग तेही शोभेची वस्तू होऊन कपाटावर चढते. टेबल कोणताही सुतार करून देईल.

ड-२०१: ताई, माझ्या आईकडे असेच यंत्र होते, त्यामुळे मला या चर्चेत फार रस वाटतो. आम्ही त्यात खोबरेल तेल घालत असू. ते योग्य होते काय? आणि अडकलेले चाक तुम्ही कसे सोडवणार, हे सविस्तर लिहाल काय?

ब-३०३: काकू, घरोघरी हेच केले जात असे, कारण ते तेल हाताशी असे. मात्र कोणतेही खाद्यतेल हवेने हळूहळू चिकट होते, आणि खोबरेल तर पुण्याच्या थंडीत गोठते. यंत्राला फक्त पातळ, रंगहीन असे शिवणयंत्राचे तेल लागते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक यंत्रांचा मुख्य आजार हाच असतो.

मी कामाला सुरुवात कशी करते, ते सांगते. प्रथम जोर लावायचा नाही. सुई, कापड दाबणारे फूट, त्याखालची प्लेट आणि बॉबिन केस काढून घ्यायची आणि दात्यांखाली दाबून बसलेला कपड्याचा भुसा चिमट्याने काढायचा. पुष्कळदा तो नमद्यासारखा घट्ट झालेला असतो. शटलमध्ये तुटलेल्या दोऱ्याचा तुकडा अडकला असेल, तर तेवढ्यानेही चाक थांबते, म्हणून शटल बाहेर काढून त्याची खाच साफ करायची. त्यानंतर जेथे जेथे धातूवर धातू फिरतो, तेथे रॉकेलचे थोडे थेंब सोडायचे, रात्रभर थांबायचे आणि सकाळी हातचाक मागे-पुढे अलगद हलवून पाहायचे. केसभर हलले तरी पुष्कळ झाले. पुन्हा थेंब सोडायचे आणि पुन्हा थांबायचे. हे काम उघड्या हवेत करावे आणि जवळपास ज्योत नसावी. चाक मोकळे झाले की काळा मळ बाहेर येऊ लागतो, तो पुसत राहायचा आणि तो संपल्यावर सर्व ठिकाणी शिवणयंत्राचे तेल घालायचे. ही शेवटची पायरी विसरून चालत नाही, कारण रॉकेल मळ सोडवते, परंतु वंगणाचे काम करत नाही.

स्क्रूंच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. सिंगरच्या अनेक स्क्रूंचे आटे बाजारातील नेहमीच्या स्क्रूंशी जुळत नाहीत, त्यामुळे एकाचे डोके तुटले तर दुसरा सहज मिळत नाही. पेचकसाचे पाते खाचेत घट्ट बसणारे हवे. बसत नसेल तर मी पातेच घासून घेते. आणखी एक जागा सर्वांना चकवते. हातचाकाच्या मध्यभागी जो मोठा गोल स्क्रू असतो, जो सैल करून आपण बॉबिन भरतो, त्याच्या आत एक वॉशर असतो. साफसफाईनंतर तो उलटा बसला तर स्क्रू कितीही आवळला तरी सुई हलत नाही, किंवा सैल केला तरी चाक सुटे होत नाही. अशा वेळी वॉशर काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायचा. केवळ या कारणासाठी ‘बिघडलेले’ म्हणून विकलेली यंत्रे मी पाहिली आहेत.

ड-२०१: फारच उपयुक्त माहिती. आमच्या यंत्रात खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होत असे आणि आई बॉबिनचा स्क्रू फिरवत बसे.

ब-३०३: काकू, खालच्या बाजूला गुंता होत असेल तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट खाली असताना टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात. त्या वेळी दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये जातच नाही आणि ताण न मिळाल्याने खाली लोंबतो. म्हणून फूट वर करूनच दोरा ओवावा. दुसरे कारण म्हणजे सुई. तिची सपाट बाजू शटलकडे आणि लांब खाच जेथून दोरा ओवतो त्या बाजूला असली पाहिजे. उलटी बसली की टाका पडतच नाही. बॉबिनच्या स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा, आणि तोसुद्धा पाव फेऱ्याहून कमी.

क-६०२: यंत्र चालू होणार असेल तर ते नव्यासारखे दिसावे, असे मला वाटते. काळा एनॅमल रंग मारून वर सोनेरी नक्षीचे स्टिकर लावावेत. खर्चाचा वाटा मी उचलेन.

ब-३०३: काका, खर्चाची तयारी दाखवल्याबद्दल आभार, पण रंग देऊ नये. मूळ सोनेरी नक्षीवर लाखेचा पारदर्शक थर असतो आणि यंत्राची खोल काळी चमक त्यातूनच येते. स्पिरिट किंवा काच पुसण्याचे द्रव लावले तर हा थर विरघळतो, नक्षी रुपेरी पडते आणि मग पुसली जाते. मी सुती फडक्यावर शिवणयंत्राचेच तेल घेऊन पुसते, आणि तेही आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहते. जेथे कापड घासून घासून नक्षी झिजली आहे, ती झीज तशीच राहू द्यावी. तेथे वर्षानुवर्षे कोणीतरी शिवत बसले होते. नवे स्टिकर लावलेले यंत्र मला, स्पष्टच सांगते, कलप लावल्यासारखे दिसते. आपला वाटा चामडी पट्ट्यासाठी द्यावा, कारण जुना पट्टा पार वाळला आहे.

अ-४०४: त्याला मोटर बसवता येईल का? पायडल मारण्याची सवय आता कोणाला राहिली आहे?

ब-३०३: बसवता येते, पण मी बसवणार नाही. पायडलवर एकेक टाका मोजून घालता येतो, वीज गेली तरी काम थांबत नाही आणि लहान मुलांना शिकवताना वेग आपल्या पायात राहतो. चाक उलटे फिरू न देण्याची सवय होण्यास थोडा वेळ लागतो, एवढेच. कोणाच्या घरी जुने मोटरचे यंत्र असेल तर त्यांनी एक काळजी घ्यावी: जुन्या वायरवरचे रबर तडकलेले असते, म्हणून ते तपासल्याशिवाय प्लग लावू नये.

सचिव (अ-१०४): कार्यकारिणीतील सदस्यांशी बोललो. यंत्र भंगारात दिले जाणार नाही. रंगकाम संपेपर्यंत ते क्लबहाऊसच्या मागील व्हरांड्यात ठेवावे, रॉकेलचे काम तेथेच करावे आणि फरशीवर डाग पडू नयेत म्हणून खाली पत्रा अंथरावा. दुरुस्त झाल्यावर त्याचा उपयोग काय करावा, याविषयी सूचना कळवाव्यात.

ड-२०१: राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा आपण कापडी पिशव्या बाहेरून विकत आणल्या होत्या. त्या येथेच शिवता येतील. माझ्याकडे जुन्या चादरी आणि पडद्यांचे कापड आहे, आणि मला पायडल येते.

ब-३०३: काकू, मग पडद्याच्या कापडासाठी मी १६ क्रमांकाच्या सुया आणते. रविवारी सकाळी यंत्र व्हरांड्यात हलवू. बिडाचे पाय जड आहेत, तेव्हा वरचे यंत्र आधी वेगळे काढावे लागेल. चार जण आणि एक जुनी सतरंजी हवी आहे. उचलताना लाकडी फळीला धरू नये, तिचे सांधे सुटलेले आहेत.

अ-५०१: मी येतो. सतरंजी माझ्याकडे आहे.