थंडीत पॉवर स्टिअरिंगची घूंऽऽ आणि घटणारं ऑइल: पंप बदलायचा का?

हिमगाडी
मिनेसोटा. २००६ ची सेडान, ४ सिलिंडर, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग, १,४२,००० मैल. तापमान उणे १५ सेल्सिअसच्या खाली गेलं की गाडी सुरू करताच घूंऽऽ असा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो. ३-४ मिनिटांत ओसरतो, तोवर स्टिअरिंग जड असतं. उन्हाळ्यात काही नाही. गेल्या तीन आठवड्यांत साधारण १५० मिली ऑइल वर घालावं लागलं, पण गॅरेजच्या जमिनीवर थेंब नाही. वर घातलं ते 'सर्व गाड्यांना चालणारं' होतं. मेकॅनिक थेट पंप बदला म्हणतो. त्याआधी काय तपासू?

पाना१०
पंप शेवटी. आधी आवाज नीट ओळखा. कुईंऽऽ असा किंचाळणारा, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर वाढणारा आवाज बेल्टचा. चालू इंजिनवर बेल्टच्या दातेरी बाजूला पाण्याचा हलका फवारा मारा, हात आणि बाही लांब ठेवून. आवाज क्षणभर थांबला तर पुली रेषेत नाहीत, उलट वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) बघा. कडक थंडीत फवारलेलं पाणी जागीच गोठतं, म्हणून हे गॅरेजच्या आत करा. फक्त फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर, फुस्स ऐकू येत असेल तर तो जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, बिघाड नव्हे. मात्र लॉकवर ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका.

तुमची घूंऽऽ इंजिनच्या वेगाबरोबर चढते आणि ऑइल कोमट झालं की जाते. म्हणजे पंपाला पुरेसं ऑइल ओढता येत नाही, किंवा तो ऑइलबरोबर हवा ओढतोय. थंडीत दोन्ही एकदमच होतात. ऑइल घट्ट झालं की पंपाला जास्त ओढ लावावी लागते, आणि ओढीच्या बाजूची रबरी रिंग कडक होऊन आक्रसलेली असली की त्या फटीतून हवा आत येते. या बाजूला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे इंजिन चालू असताना तिथून ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी राहण्याचं हे एक कारण.

उद्या सकाळी गाडी सुरू करताना स्टिअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. ऑइल फेसाळ, दुधाळ दिसलं तर हवा नक्की. फेसाने आकारमान वाढतं, ऑइल झाकणातून वर येतं, टाकीच्या बाहेरच्या अंगावर सांडून धूळ धरतं. तुमचे १५० मिली तिथेच गेलेले असू शकतात. टाकीखालचा भाग ब्रेक क्लीनरने पुसून कोरडा करा म्हणजे पुढच्या आठवड्यात नवी ओल लगेच कळेल.

कास्टिंग
वरच्याशी सहमत. त्यात भर: जमिनीवर थेंब नाही म्हणजे गळती नाही, असं नाही. रॅकच्या (स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा भाग) टोकाचं सील गेलं की ऑइल दोन्ही बाजूंच्या रबरी बूटमध्ये साठतं. बूट दाबून बघा, आत खळखळलं किंवा क्लॅम्पशी ओल आली तर रॅक. बऱ्याच रॅकमध्ये दोन बूट एका बारीक नळीने जोडलेले असतात, त्यामुळे डाव्या बुटातलं ऑइल उजव्या सीलचंही असू शकतं. पंपाच्या पुलीमागे ओल असेल तर शाफ्ट सील. प्रेशर होजच्या क्रिंपशी (होज आणि धातूची नळी आवळून जोडलेली जागा) हात लावून गळती शोधू नका, तिथे ७०-१०० बारपर्यंत दाब जाऊ शकतो, बारीक धार कातडीत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून स्टीलच्या नळ्या, विशेषतः ब्रॅकेटखाली, गंजून झिरपताहेत का तेही बघा.

आणि ते सगळ्यांना चालणारं ऑइल. टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय? होंडा असेल तर होंडाचंच पीएसएफ (पॉवर स्टिअरिंग ऑइल), त्यात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) नको. टोयोटाच्या त्या काळातल्या अनेक गाड्यांत डेक्सरॉन एटीएफच चालतं. काही युरोपीय गाड्यांत हिरवं सीएचएफ ११ एस हे हायड्रॉलिक ऑइल असतं, ते कडक थंडीत डेक्सरॉनपेक्षा खूप पातळ राहतं. डेक्सरॉन ३ ला उणे ४० वर २०,००० सेंटीपॉइजपर्यंत (घट्टपणाचं एकक) मुभा होती, यावरून थंडीत ऑइल कसं घट्ट होतं ते कळेल. तरी मॅन्युअलमध्ये नसताना पातळ म्हणून सीएचएफ घालू नका. गळती थांबवणाऱ्या बाटल्याही नकोत. त्या सील फुगवतात, काही महिन्यांनी ते मऊ पडतं आणि रॅक बदलावाच लागतो.

हिमगाडी
तपासलं. फेस आहे. टाकीचा तळ ओला होता. उजवा बूट कोरडा, डाव्याच्या क्लॅम्पशी बोटाला तेलकट लागलं, खळखळ नाही. झाकणावर होंडा पीएसएफ लिहिलंय.

पाना१०
मग दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आत येणारी हवा आणि डाव्या बुटाची ओल, आणि स्वस्त ती, म्हणजे हवा, आधी. त्या काळातल्या होंडा पंपांमध्ये ओढीच्या पाइपची ओ-रिंग (वर सांगितलेली रबरी रिंग) हा नेहमीचा संशयित. काम करण्याआधी खात्री करायची तर पंपात शिरणाऱ्या जोडावर जाडसर ग्रीस लावून थंड गाडी सुरू करा. घूंऽऽ कमी झाली तर हवा तिथूनच येतेय.

उणे तापमानात होज वाकवू नका, कडक रबर तडकतं. गाडी आत घेऊन काही तास कोमट होऊ द्या. टाकीतलं ऑइल मोठ्या सिरिंजने काढा. पंपावरच्या पाइपचे १० मिमीचे दोन बोल्ट सोडा, खाली ऑल्टरनेटर असेल तर त्यावर चिंध्या घाला, कारण १०० मिलीच्या आसपास सांडतं. जुनी रिंग काढा, खाच पुसा, नवी रिंग पीएसएफमध्ये बुडवून बसवा. पीळ पडू देऊ नका. बोल्ट ११ न्यूटन-मीटर, जास्त नाही, कारण पंपाचं अंग ॲल्युमिनियमचं आहे. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या वॉशरने भागवू नका, माप आणि रबर दोन्ही बरोबर हवं.

कास्टिंग
त्याच वेळी टाकी काढून तळाची जाळी बघा. ती अर्धी बुजली की थंड ऑइल जाळीतून ओढताना नेमका हाच आवाज येतो, आणि नवी ओ-रिंग बसवूनही माणूस बुचकळ्यात पडतो. ब्रेक क्लीनरने धुवा, पूर्ण वाळवा. जाळी स्वच्छ होत नसेल तर टाकीच बदला.

चुकीचं ऑइलही आताच काढा. परतीची होज (ऑइल टाकीत परत आणणारी) टाकीवरून सोडून बाटलीत घाला, टाकीचं ते तोंड बुचाने बंद करा, पुढची चाकं जॅक स्टँडवर, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत राहा आणि टाकी रिकामी पडू देऊ नका. पीएसएफच्या ३५५ मिलीच्या तीन बाटल्या घेऊन ठेवा. रंग स्वच्छ आला की होज जोडा, झाकण उघडं, इंजिन बंद, आणखी २० फेऱ्या. मग सुरू करा, बुडबुडे थांबेपर्यंत फिरवा. फेस राहिला तर रात्रभर तसंच ठेवा, हवा आपोआप वर येते.

गोदाकाठ
इकडे निफाडला पारा ५-६ अंशांवर उतरला की पिकअपवाले हीच तक्रार करतात. तेवढ्या थंडीने ऑइल घट्ट होऊन पंप ओरडत नाही. इथे ओरडला तर लेव्हल, बेल्ट, ओढीच्या होजचा क्लॅम्प या क्रमाने बघायचं. गाडी नवी असली आणि टाकीच सापडत नसेल तर ती इलेक्ट्रिक स्टिअरिंग, शोधत बसू नका.

हिमगाडी
रिंग आणि जाळी दोन्ही केलं. उणे १९ ला आवाज नाही. जाळीत रबराचे बारीक कण होते.

पाना१०
कण परतीच्या होजच्या आतल्या थराचे असू शकतात, ती जुनी असेल तर बदला. डाव्या बुटासाठी टाकीवर थंड लेव्हलला चिकटपट्टीची खूण करा. महिन्यात २०-३० मिलीच्या आत गेलं तर वसंतापर्यंत रॅक थांबू शकतो. त्याहून जास्त गेलं किंवा बूट खळखळला तर थांबू नका.