मदत हवी आहे: कॅमेऱ्यातून फोटो थेट क्लाउडवर जात नाहीयेत (रविवारच्या आत!)

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ११.४०

रविवारी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. दादा टोरंटोला असतो, त्याला येता येत नाहीये. कार्यक्रम चालू असतानाच तुला फोटो दिसतील असं मी त्याला कबूल करून बसलेय. नवीन कॅमेरा त्यासाठीच घेतला. दुकानदार म्हणाला वायफाय आहे, क्लाउड आहे, एडिटसुद्धा कॅमेऱ्यातच होतं, लॅपटॉपची गरजच नाही. घरी सगळं जमलं होतं. आज मंगल कार्यालयात जाऊन बघितलं तर एक फोटो जाईल तर शपथ! नेटवर्कच मिळत नाही. वर आजीचा चेहरा काळा आलाय म्हणून उजळ करायला गेले, तर तो पर्याय त्या फोटोवर चालतच नाही. सगळं करून झालंय, रीसेटसुद्धा. कृपया "मॅन्युअल वाचा" म्हणू नका.

उगाच एक | रात्री ११.५२

"नवीन कॅमेरा" नावाचं मॉडेल अजून बाजारात आलेलं नाही. कंपनी? मॉडेल?

पन्नासचं भिंग | रात्री ११.५५

चेहरा काळा येतोय म्हणजे किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) वापरताय. ५० मिमी १.८ लेन्स घ्या, सगळ्यात स्वस्त आणि कार्यालयातल्या उजेडाला राजा. मी भाच्याची मुंज पूर्ण त्यावर काढली. एडिट करायची वेळच येत नाही.

कृष्णाकाठ | रात्री १२.०३

लेन्स विचारलेली नाही. कॅमेरा कॅनन ईओएस आर५०.

रोलवाले काका | शुक्रवार, सकाळी ६.१०

अगं पोरी, एवढा खटाटोप कशाला? मोबाईलने काढ आणि व्हॉट्सअॅपवर टाक. आमच्या वेळी ३६ फोटोंचा रोल असायचा, धुऊन यायला आठवडा लागायचा, आणि अमेरिकेतल्या बहिणीला फोटो पोस्टाने जायचे. ती नाही हो रुसली कधी.

भडंग | सकाळी ८.२०

काका, त्यांनी कॅमेरा घेतलाय आता.

कृष्णाकाठ, नेटवर्क मिळत नाही म्हणजे कुणाचं? कार्यालयाचं वायफाय की तुमच्या फोनचा हॉटस्पॉट? घरी कशावर चाललं होतं? आणि रीसेट नक्की कोणतं केलंत?

कृष्णाकाठ | सकाळी ९.०५

घरी घरच्या वायफायवर. कार्यालयाच्या वायफायला पासवर्ड नाही, कॅमेरा जोडला जातो पण पुढे ढिम्म. माझा हॉटस्पॉट कॅमेऱ्याला दिसतच नाही, लॅपटॉपला मात्र दिसतो. म्हणजे हॉटस्पॉट ठीक आहे ना? रीसेट म्हणजे मेनूत "वायरलेस सेटिंग्ज रीसेट" असं काहीतरी होतं ते.

चष्मिष्ट | सकाळी ९.३०

क्लाउडच्या नादी लागूच नका. कॅननचं कॅमेरा कनेक्ट अॅप फोनवर घ्या. फोटो काढला की फोनमध्ये येतो, तिथून कुठेही पाठवा. कार्यालयाचं वायफाय नको, हॉटस्पॉट नको, काही नको. एवढं सोपं असताना लोक ढगात का जातात कळत नाही.

भडंग | सकाळी ९.४८

चष्मिष्ट, मग त्यांनी दोन तास दर फोटोमागे फोन काढून शेअर दाबत बसायचं का? पुजेला बसलेल्या आजीचे फोटो काढायचेत, प्रेस कॉन्फरन्सचे नाही.

कृष्णाकाठ, तुमच्या तिन्ही अडचणी वेगळ्या आहेत.

कार्यालयाच्या वायफायला पासवर्ड नाही म्हणजे बहुधा जोडल्यावर आधी एक पान उघडतं, तिथे मोबाईल नंबर टाकून ओटीपी द्यायचा असतो. फोनवर ते पान येतं. कॅमेऱ्यात ब्राउझर नाही, तर तो ओटीपी कुठे भरणार? तो दारातच उभा राहतो. ते वायफाय सोडून द्या.

हॉटस्पॉटचं असं की आर५० ला फक्त २.४ गीगाहर्ट्झचं वायफाय कळतं. तुमचा फोन ५ वर प्रसारण करत असणार. लॅपटॉपला दोन्ही कळतात म्हणून त्याला दिसतो, कॅमेऱ्याच्या लेखी तो हॉटस्पॉट अस्तित्वातच नाही. घरच्या राउटरवर बहुतेक दोन्ही चालू असतात, म्हणून तिथे जमलं. अँड्रॉइड असेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करा. आयफोन १२ किंवा पुढचा असेल तर "मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी" चालू करा, आणि कॅमेरा जोडला जाईपर्यंत हॉटस्पॉटचं पान उघडंच ठेवा.

आता रीसेट. त्यात घरी केलेली क्लाउडची जोडणीसुद्धा पुसली गेली. ती पुन्हा करावी लागेल: कॅमेऱ्यात इमेज डॉट कॅननचा, म्हणजे कॅननच्या क्लाउडचा, पर्याय निवडला की पडद्यावर क्यूआर कोड येतो, तो फोनने स्कॅन करून कॅनन आयडीने लॉगिन करायचं. हे घरूनच उरका, कार्यक्रमाच्या दिवशी नेसत्या साडीत नको.

मिसिसागाची मिसळ | सकाळी १०.१५

अवांतर: सकाळी ११ चा कार्यक्रम असेल तर टोरंटोत तेव्हा रात्रीचा एक-दीड वाजलेला असेल. दादा जागा राहणार आहे का हे आधी विचारलंय ना?

कृष्णाकाठ | सकाळी १०.२०

राहणार आहे. त्यावरून घरात भांडण होऊन गेलंय, इथे नको.

वळचण | सकाळी ११.०२

धागा निघालाच आहे तर विचारतो. माझा निकॉन डी५६०० स्नॅपब्रिज अॅपवरून फोनला फोटो पाठवतो पण अगदी चिमुकले येतात, आणि कधी कधी काहीच येत नाही. उपाय?

भडंग | सकाळी ११.१०

आपोआप जातात ते २ मेगापिक्सेलचेच जातात. मोठे हवे असतील तर वायफाय जोडून अॅपमधून निवडून उतरवा. काहीच येत नाही त्या दिवशी तुम्ही रॉमध्ये (कच्च्या फाइलमध्ये) काढलेले असणार, डी५६०० त्यातून रॉ पाठवत नाही. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, यांचा रविवार जवळ आलाय.

उगाच एक | सकाळी ११.३०

चेहरा काळा, त्याचं काय? फोटो रॉमध्ये काढताय की जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार फोटोत?

कृष्णाकाठ | दुपारी १२.१५

ते मला माहीत नाही. डब्यातून काढला तसा वापरतेय. फोटो असा आलाय: मागे खिडकी, पुढ्यात समया, आजीची नथ लखलखतेय आणि चेहरा मात्र तव्यासारखा.

उगाच एक | दुपारी १२.२८

म्हणजे जेपेग. आर५० मध्ये आधी काढलेल्या फोटोचा उजेड वाढवणं, रंग बदलणं हे सगळं फक्त रॉ फाइलवर होतं. जेपेगला कातरणं, आकार लहान करणं, फिरवणं अशा गोष्टीच. म्हणून पर्याय चालत नाहीये, कॅमेरा बिघडलेला नाही. इमेज क्वालिटीत जाऊन रॉ निवडा, सी-रॉ चालेल, फाइल लहान होते. मग फोटो बघताना क्रिएटिव्ह असिस्ट उघडा, ब्राइटनेस वाढवा, सेव्ह करा. वेगळी जेपेग तयार होते, मूळ फोटोला धक्का लागत नाही.

चष्मिष्ट | दुपारी १२.४५

तीन इंचांच्या पडद्यावर कसलं आलंय एडिट! रॉ काढायचं तर कॉम्प्युटरवर लाइटरूममध्ये नीट बसून करा. कॅमेऱ्यातलं एडिट म्हणजे भातुकली.

उगाच एक | दुपारी १२.५२

त्यांना प्रदर्शन नाही भरवायचं हो, आजीचा चेहरा दिसायला हवाय. रात्री एक वाजता दादाला आणि इथे सकाळी आजीला. तुम्ही लाइटरूममध्ये नीट बसेपर्यंत आजी ब्याऐंशीची होईल.

पन्नासचं भिंग | दुपारी १.००

म्हणूनच म्हणत होतो, ५० मिमी.

भडंग | दुपारी १.२०

भिंगा, खिडकी पाठीशी असेल तर १.८ ने पण चेहरा काळाच येईल. कॅमेरा सरासरी उजेड मोजतो, खिडकी आणि ज्योती उजळ म्हणून सगळाच फोटो गडद करतो. कृष्णाकाठ, एक्स्पोझर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा ते सेटिंग) अधिक १ वर ठेवून बघा, निम्म्या फोटोंना एडिट लागणारच नाही. आणि शक्य असेल तर आजींचा पाट फिरवून खिडकी समोर घ्या.

कृष्णाकाठ | दुपारी १.३१

पाट पूर्वेला आहे. गुरुजींना तुम्ही सांगा.

रोलवाले काका | दुपारी ४.४०

क्लाउडचं म्हणाल तर माझाही एक अनुभव. आय-फाय नावाचं कार्ड मिळायचं. दिसायला साधं एसडी कार्ड, आत वायफाय. पुण्याहून मुलाने आणून दिलं होतं, फोटो आपोआप घरच्या कॉम्प्युटरवर यायचे, शेजारीपाजारी बघायला यायचे. २०१६ मध्ये जुन्या कार्डांची सेवा बंद झाली. कार्ड धडधाकट आणि उपयोग शून्य. अजून देवघराच्या फडताळात आहे. म्हणून म्हणतो, मूळ फोटो आपल्या हातात असावा.

मिसिसागाची मिसळ | संध्याकाळी ५.१५

+१ काका. सॅमसंगचा गॅलॅक्सी कॅमेरा आठवतोय का कुणाला? २०१२ चा. अँड्रॉइडवाला, सिमकार्ड घालायची सोय. काढा, तिथेच एडिट करा, तिथूनच पाठवा. काळाच्या पुढे होता, फोन करता यायचा नाही तेवढं सोडून.

भडंग | संध्याकाळी ६.००

एक राहिलं. कृष्णाकाठ, हॉटस्पॉट द्यायचा त्या फोनचा डेटा पॅक किती? पूर्ण आकाराची एक जेपेग साधारण ८ एमबी धरा. २०० फोटो म्हणजे १.६ जीबी. रोजचा दीड जीबीवाला पॅक असेल तर औक्षणाच्या आधीच संपेल. रॉ सगळीकडे काढू नका, फक्त समयांपुढच्या फोटोंना. आणि जास्तीची बॅटरी घ्या, वायफाय चालू असलं की ती भराभरा उतरते.

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९.५०

२.४ केलं. हॉटस्पॉट दिसला! क्यूआर पुन्हा स्कॅन केला, आता घरून तरी जातायत. माझा पॅक दीड जीबीचाच निघाला, आत्याच्या मुलाचा फोन उद्यासाठी ताब्यात घेतलाय. त्याच्यावर तो गेम खेळायचा, त्यामुळे तोंड फुगवून बसलाय. कॉम्पेन्सेशन अधिक १ वर नथ जास्तच चमकते म्हणून पाऊण... म्हणजे तिथे २/३ असं येतं ते ठेवलंय.

चष्मिष्ट | रात्री १०.०५

तरी अॅप टाकून ठेवा. ऐनवेळी लागेल.

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ७.३०

झालं. आत्याच्या मुलाचा फोन माझ्या पर्समध्ये आणि पर्स मावशीकडे होती, मावशी जेवणघरात गेली की फोटो अडकायचे. ते कळायलाच अर्धा तास गेला. मग पर्स गळ्यात अडकवली. ८१ दिव्यांचं औक्षण चालू होतं तेव्हाचे दोन फोटो रॉमध्ये काढले, खांबाआड उभं राहून तिथल्या तिथे उजळ केले. पाच-सात मिनिटांत दादाचा फोन, "आजीच्या हनुवटीवर कुंकू सांडलंय, पूस." आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, तो इथे आहे कुठे लपलाय ते सांग.

चष्मिष्ट, अॅप नाही लागलं.

रोलवाले काका | रात्री ८.१५

आजींना आमचा नमस्कार सांग.

भडंग | रात्री ८.४०

मस्त! एक सांगायचं राहिलं, इमेज डॉट कॅननवर मूळ फोटो ३० दिवसच राहतात. त्याआधी उतरवून घ्या.

कृष्णाकाठ | रात्री ८.४२

हे आता सांगताय?

भडंग | रात्री ८.४३

कार्ड फॉरमॅट नाही ना केलंत?

कृष्णाकाठ | रात्री ८.५१

नाही. करणारच होते.

पन्नासचं भिंग | रात्री ९.२०

ते खांबाआडचे दोन फोटो इथे टाका ना. लेन्स कुठली होती?