रॉजर ईबर्टला एवढं डोक्यावर घ्यायला झालंय काय?

बाल्कनी_रांग_फ
परवा रात्री पोराला घेऊन 'डाय हार्ड' लावला. त्याची दहावी झालीये, म्हटलं आता दाखवायला हरकत नाही. ब्रूस विलिस अनवाणी, खाली काचांचा खच, आणि आमचं ध्यान सोफ्याच्या अगदी कडेला येऊन बसलेलं, हातातला चिवडा हातातच. संपल्यावर दहा मिनिटं नुसतं 'भारी होता बाबा, भारी होता' चालू. मग झोपताना सहज शोधलं की आपल्या ईबर्टसाहेबांनी, म्हणजे अमेरिकेतल्या त्या बड्या सिनेसमीक्षकाने, १९८८ मधे याला काय दिलं होतं, तर दोन स्टार. दोन!! झोपच उडाली, म्हटलं बघूया अजून काय काय दिवे लावलेत. 'फाइट क्लब' दोन. 'ग्लॅडिएटर' दोन. 'डेड पोएट्स सोसायटी' दोन. 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' दोन. 'द यूज्वल सस्पेक्ट्स' दीड. दिग्दर्शक डेव्हिड लिंचचा 'ब्लू व्हेल्वेट' एक!! आणि आता बसून वाचा: 'ॲनाकोंडा'ला साडेतीन आणि 'होम अलोन ३'ला तीन, वर पहिल्या दोन भागांपेक्षा हा सरस म्हणे. 
मान्य आहे, मोठा माणूस. १९६७ पासून २०१३ ला जाईपर्यंत शिकागो सन-टाइम्समधे लिहिलं, १९७५ ला पुलित्झर मिळालं आणि ते मिळालेला पहिला सिनेसमीक्षक. टीव्हीवर जीन सिस्केलबरोबर अंगठा वर-अंगठा खाली करून घराघरात गेला. पण ज्या माणसाचा नेम एवढ्या वेळा चुकतो त्याला आपण समीक्षकांचा बाप का म्हणतो? कुणी काही बोललं की लगेच 'ईबर्टने काय म्हटलंय बघ' असं तोंडावर फेकतात, म्हणून विचारतोय.

खारे_शेंगदाणे
पहिली गोष्ट, त्याचे स्टार चारपैकी असायचे, पाचपैकी नाही. दोन म्हणजे 'बघू नका' नाही, 'जमता जमता राहिला' असं. आपल्या पेपरातल्या दोन स्टारशी गल्लत करू नका, आपल्याकडे तर हल्ली तीनच्या खाली कुणी येतच नाही.
दुसरी गोष्ट ॲनाकोंडाची. त्याने 'शाओलिन सॉकर'च्या परीक्षणात हे स्वच्छ लिहून ठेवलंय की माझे स्टार त्या त्या जातीच्या सिनेमातले आहेत, मित्र जेव्हा 'हेलबॉय' कसाय विचारतो तेव्हा त्याला 'मिस्टिक रिव्हर'सारख्या गंभीर सिनेमाशी तुलना नको असते, 'द पनिशर'सारख्या कॉमिक्सवाल्या पिक्चरशी हवी असते. एसटी स्टँडवरची मिसळ चांगली आहे असं मी म्हटलं तर तुम्ही मला 'म्हणजे आईच्या पुरणपोळीपेक्षा भारी का' असं विचारणार का? ॲनाकोंडा हा मोठ्या सापाचा पिक्चर आहे आणि मोठ्या सापाच्या पिक्चरमधे तो खरंच वरच्या नंबरात आहे. साप जॉन व्हॉइटला गिळतो, परत ओकतो, आणि तो ओकलेला व्हॉइट चिकट अंगाने डोळा मारतो, अजून काय पाहिजे तुम्हाला?

बाल्कनी_रांग_फ
@खारे_शेंगदाणे चारपैकी हे मला माहीत नव्हतं, मान्य. पण मग तुमच्याच तराजूने बघू. एकाच इमारतीत अडकलेला एकटा हिरो, बारा गुंड, या जातीत डाय हार्डच्या वर काय आहे सांगा? नंतर वीस वर्षं सगळे 'बसमधला डाय हार्ड', 'बोटीवरचा डाय हार्ड' करत बसले. ज्याच्यावरून जात ठरली त्यालाच जातीत दोन?

दुपारचा_खेळ
दादा, स्टार बघून झोप उडवून घेतलीत पण खालचं परीक्षण वाचलंत का? तो म्हणतो बाकी तांत्रिक बाजू वगैरे चोख आहे, पण दुसऱ्या अर्ध्यात तो पोलिसांचा डेप्युटी चीफ येतो ना, तो दर वेळी चुकतो, प्रत्येक वेळी, आणि फक्त गोष्ट लांबावी म्हणून चुकतो. एवढी हुशारीने रचलेली कथा आणि मधे हा एक ठोंब्या आणून बसवला. पटो न पटो, बोट नेमकं कुठे ठेवलंय ते कळतं. आमच्या इथले समीक्षक 'पटकथेत काही ठिकाणी ढिलाई जाणवते' लिहून मोकळे होतात, कुठल्या ठिकाणी ते देवाला माहीत.

वऱ्हाडी_ठेचा
ग्लॅडिएटरवर मी ईबर्टसोबत आहो भाऊ, कोणाले राग येवो. पाच ऑस्कर भेटले ते भेटले, पण तो मॅक्सिमस पिक्चरभर सुतकात बसल्यासारखा फिरते नं. ईबर्टनं तेच लिहिलं, की ह्याच्यात व्यक्तिमत्त्वाच्या जागी नुसती उदासी भरली आहे, आन् चित्र सगळं मळकट दिसते. मी तेव्हा कॉलेजात होतो, थेटरात टाळ्या शिट्ट्या, मीच एकटा चूप. मित्रायनं अडाणी म्हटलं. मंग किती वर्षांनी तो लेख वाचला तं असं वाटलं का शिकागोतून कोणीतरी माह्या बाजूनं उभं राह्यलं.

सबटायटलवाला
डाय हार्ड आणि ग्लॅडिएटर राहू द्या हो, ते पैसे कमवून बसलेत, त्यांना काय फरक पडतो. खरा गुन्हा इराणी दिग्दर्शक कियारोस्तामीच्या बाबतीतला आहे. 'टेस्ट ऑफ चेरी', १९९७ ला कान महोत्सवात पाम दोर, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक (विभागून, पण पाम दोर), आणि ईबर्टने एक स्टार देऊन कंटाळवाणा म्हणून झटकला. त्याच शिकागोतल्या जोनाथन रोझेनबॉम या समीक्षकाने त्याला मास्टरपीस म्हटलंय. इराणमधून एक सिनेमा मुश्किलीने अमेरिकेत पोचतो, चार थेटरं मिळतात, आणि देशातला सगळ्यात जास्त वाचला जाणारा समीक्षक त्याच्या दारात उभा राहून लोकांना परत पाठवतो. याला मत म्हणत नाहीत, याला वजन म्हणतात. संथ सिनेमा झेपत नसेल तर तसं सांगा ना, राजाच्या अंगावर कपडे नाहीत असा आव कशाला?

खारे_शेंगदाणे
@सबटायटलवाला संथ झेपत नाही हे चूक. संथ सिनेमे काढणारा जपानी दिग्दर्शक ओझू त्याचा लाडका, 'टोकियो स्टोरी' आणि 'फ्लोटिंग वीड्स' दोन्ही त्याच्या ग्रेट मूव्हीज या थोर सिनेमांवरच्या लेखमालिकेत आहेत, सत्यजित रायसाहेबांची अपू त्रयी आहे. ओझूच्या सिनेमात काय गाड्या उडतात का? त्याला हा एक सिनेमा पोचला नाही एवढंच. मलाही नाही पोचला, आमच्या फिल्म क्लबात लावला होता तेव्हा ती गाडी त्या मातीच्या टेकडीवरून गोल गोल फिरायला लागली आणि तिसऱ्या फेरीला माझ्या शेजारचे काका घोरायला लागले. मी जागा होतो पण ते माझ्यापेक्षा प्रामाणिक होते असं मला अजून वाटतं.

सबटायटलवाला
काका घोरले तर सिनेमाचं काही जात नाही, काका पेपरात लिहीत नाहीत. मुद्दा तोच आहे माझा.

दुपारचा_खेळ
मी वर त्याची बाजू घेतली तरी 'ब्लू व्हेल्वेट'वर माझं त्याच्याशी अजिबात जमत नाही. त्याचा आक्षेप होता की इझाबेला रोसेलिनीला कॅमेऱ्यासमोर एवढं उघडं पाडलं, हिरवळीवर विवस्त्र उभं केलं, तर निदान तेवढ्या तोलामोलाचा सिनेमा तिला द्यायचा होतात, लिंच मात्र बाजूला गावाची टवाळी करत बसतो. सिस्केलला सिनेमा आवडला होता, दोघांची त्यावर चांगलीच जुंपली. वाचताना आधी वाटतं किती संवेदनशील माणूस. पण रोसेलिनीनेच पुढे सांगितलं की मी तिशी ओलांडलेली बाई होते, भूमिका मी निवडली होती. म्हणजे तिच्या वतीने दुखावायचं काम यानेच अंगावर घेतलं! हे आपल्याकडेही फार चालतं, नटीला विचारत कुणी नाही पण तिच्या अब्रूची काळजी सगळ्यांना.

वऱ्हाडी_ठेचा
हे मात्र बराबर बोलली ताई.

बाल्कनी_रांग_फ
बघा, म्हणजे त्याच्या बाजूचेही एकेका सिनेमावर फुटतायत. आणि ते मत बदलायचं प्रकरण? 'ग्राउंडहॉग डे'ला आधी तीन, मग बारा वर्षांनी तोच ग्रेट मूव्हीजमधे. 'द ब्राउन बनी' २००३ ला कानच्या इतिहासातला सर्वात वाईट सिनेमा, आणि पुढच्या वर्षी तीन स्टार. व्हिडिओ गेम ही कधीच कला होऊ शकत नाही म्हणाला, हजारो लोकांनी धुतल्यावर म्हणे मी खेळलोच नव्हतो, बोलायलाच नको होतं. गाव जागं झाल्यावर कोंबडा आरवला तर त्याचं काय कौतुक?

खारे_शेंगदाणे
ब्राउन बनीचं अर्धंच सांगताय. त्याचा दिग्दर्शक गॅलो, त्याने कानमधे दाखवलेल्या सिनेमातून वीसेक मिनिटांच्या वर कात्री चालवली, मग ईबर्टने नवीन सिनेमा परत बघितला आणि म्हणाला आता जमलाय. आणि हे कुणासाठी, तर ज्या माणसाने त्याला जाडा डुक्कर म्हणून शिवी दिली, वर आतड्याला कॅन्सर होवो असा शाप दिला त्याच्यासाठी! ईबर्टने तेव्हा उलट ऐकवलं होतं की मी एक दिवस बारीक होईन पण तू ब्राउन बनीचा दिग्दर्शकच राहशील. एवढं झाल्यावर त्याच माणसाला तीन स्टार द्यायला किती मोठं मन लागतं? मला शिवी देणाऱ्याला मी तर लिफ्टमधे जागा पण देणार नाही.
आणि कोंबड्याचं म्हणाल तर १९६७. ईबर्ट पंचवीस वर्षांचा, नोकरीला सहाच महिने झालेले, न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक क्राउदर याने 'बॉनी अँड क्लाइड'ला झोडपून काढलेलं, आणि हा पोरगा लिहितो की हा अमेरिकन सिनेमातला मैलाचा दगड आहे. त्याच वर्षी शिकागोच्या फेस्टिवलात एका अनोळखी पोराचा पहिला सिनेमा बघून त्याने उचलून धरला. पोराचं नाव मार्टिन स्कॉर्सेसी. गाव तेव्हा गाढ झोपलं होतं साहेब.

दुपारचा_खेळ
'हूप ड्रीम्स' पण घ्या. शिकागोतल्या दोन काळ्या पोरांची तीन तासांची बास्केटबॉलची डॉक्युमेंटरी, वितरक ठरायच्या आधी ईबर्ट आणि सिस्केलने टीव्हीवर तिच्याबद्दल सांगितलं. वर सबटायटलवाला म्हणतात ते वजन, ते इथेही वापरलं गेलंच की.
आणि २००२ चा सनडान्स फिल्म फेस्टिवल. जस्टिन लिन या आशियाई-अमेरिकन दिग्दर्शकाचा 'बेटर लक टुमॉरो' दाखवून झाला, एक प्रेक्षक उठून म्हणाला की स्वतःच्याच समाजाबद्दल असला काळा सिनेमा का काढलात. ईबर्ट गर्दीतून उठला आणि ओरडला की गोऱ्या दिग्दर्शकाला हे कुणी विचारलं नसतं, या पात्रांना हवं तसं असायचा हक्क आहे, त्यांना कुणाचं प्रतिनिधित्व करायची सक्ती नाही. त्याचा व्हिडिओ मिळतो, माणूस लालबुंद झालेला दिसतो.

सबटायटलवाला
हे सगळं छान, पण हा माणूस म्हणून चांगला होता याचा पुरावा झाला. समीक्षक म्हणून चेरीवर तो चुकलाच.

नाक्यावरचा_चहा
उशिरा आलो, एकच टाकतो. 'लगान'ला साडेतीन दिले होते त्याने. आपल्या गोवारीकरांचा पावणेचार तासांचा पिक्चर, त्यात क्रिकेट, जे अमेरिकेत कुणाच्या आज्यालाही कळत नाही, आणि हा लिहितो की असं कधी पाहिलं नाही तरी सगळं ओळखीचं वाटतं. गाण्यांना नावं ठेवली नाहीत, लांबीवर रडला नाही. मी तेव्हा न्यू जर्सीत होतो, ऑफिसातल्या एका गोऱ्याने तो लेख वाचून मला विचारलं की कुठे बघायला मिळेल, मी त्याला घेऊन गेलो, शेवटच्या ओव्हरला तो खुर्चीवर उभा. मला तेवढ्यावर ईबर्टचे सगळे गुन्हे माफ.

सबटायटलवाला
बाहेरच्याने पाठ थोपटली की आपण लगेच विरघळतो.

नाक्यावरचा_चहा
हो विरघळतो. घरापासून तेरा हजार किलोमीटरवर बसून बघा मग बोला.

बाल्कनी_रांग_फ
बरं, एक सांगायचं राहिलं, सांगू नये असं वाटत होतं. काल पोराच्या मित्राने यायचं म्हणून घरात परत डाय हार्ड लागला. मी किचनमधे, भजी तळत. ईबर्टचं अक्षरही मी पोरांना सांगितलेलं नाही, शपथ. त्या डेप्युटी चीफचं तिसरं का चौथं वाक्य झालं आणि तो मित्र आतून ओरडला, 'काका, हा पोलीसवाला मुद्दाम एवढा येडा दाखवलाय का?'

दुपारचा_खेळ
🤣🤣 मग? आता किती देताय?

बाल्कनी_रांग_फ
साडेतीन. चारपैकी. अर्धा त्या पोलिसाचा कापला, याच्या खाली मी येणार नाही.