कामेल दाऊद: आधी सदरं वाचावीत की कादंबऱ्या?

फ्रेंचपाठी: फ्रेंचची बी-टू (वरची मध्यम) पातळी झाली आहे. २०२४चं गाँकूर, म्हणजे फ्रान्सचा मोठा साहित्य पुरस्कार, 'हूरी' या कादंबरीला मिळालं म्हणून अल्जीरियाच्या दाऊदकडे वळतोय. थेट 'हूरी' घ्यावी का? आणि पत्रकारितेचा कादंबऱ्यांशी नेमका किती संबंध आहे?

वाळवंटी: 'हूरी' शेवटी ठेवा. दाऊद आधी बातमीदार. नव्वदच्या दशकात, अल्जीरियात यादवी चालू असताना, ओरान शहराच्या 'ल कोतिदियाँ दोराँ' या दैनिकात आला आणि पुढे 'रायना रायकुम' या सदरामुळे देशभर माहीत झाला. त्याची पहिली कादंबरीच मुळी अशा एका लेखातून उगवली. आल्बेर काम्यूच्या 'परका' कादंबरीत मारल्या गेलेल्या अरबाच्या भावाचं मनोगत त्याने २०१०च्या मार्चमध्ये पॅरिसच्या 'ल माँद' दैनिकात लिहिलं होतं. त्यातून झालेली 'मर्सो, काँत्र-आँकेत' ही कादंबरी २०१३मध्ये अल्जिअर्सच्या बारझाख प्रकाशनाने काढली, २०१४मध्ये फ्रान्समध्ये आक्त स्यूदने. त्या वर्षीचं गाँकूर एका मताने हुकलं, २०१५मध्ये पहिल्या कादंबरीचं मिळालं.

सदरांसाठी 'मेझ अँदेपाँदाँस' घ्या, त्यात २०१०–१६मधली निवड आहे. भाषा अवघड नाही, संदर्भ अडवतात. अल्जीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष बुतफ्लिका यांना २०१३मध्ये पक्षाघात झाला आणि तरी २०१४मध्ये ते चौथ्यांदा निवडून आले, एवढं माहीत नसेल तर त्या वर्षांतला उपरोध सरळ अर्थाने वाचला जातो.

ओरानकर: दाऊदच्या पहिल्या कादंबरीआधी काम्यूचा 'परका' पुन्हा चाळा, निदान पहिल्या भागातलं समुद्रकिनाऱ्यावरचं शेवटचं प्रकरण. तिथे १९४२मध्ये भर दुपारी दोनला अरब मरतो, नावाशिवाय. दाऊदकडे त्याला मूसा हे नाव मिळतं, आणि १९६२च्या जुलैत त्याचा भाऊ हारून रात्री दोनला एका फ्रेंच माणसाला मारतो. ही जुळणी हुकली तर निम्मी गंमत जाते. हारूनचं प्रत्येक मत दाऊदच्या नावावर टाकण्याची घाईही नको, दारूच्या गुत्त्यात बसून बोलणारा माणूस आहे तो.

चौथा स्तंभ: एक भर घालतो. प्रत्येक लेख कुठल्या वृत्तपत्रासाठी लिहिला ते आधी बघा. ओरानच्या वाचकाला उद्देशून धर्म आणि स्त्रीदेहाबद्दल लिहिलेलं वाक्य म्हणजे घरातलं भांडण. तेच पॅरिसमध्ये छापलं की परक्यांच्या हाती दिलेला पुरावा ठरतं. २०१६च्या जानेवारीअखेर जर्मनीत कोलोनला नववर्षाच्या रात्री स्त्रियांवर झालेल्या लैंगिक हल्ल्यांवरचा त्याचा लेख 'ल माँद'मध्ये आला आणि १९ अभ्यासकांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला तो याच मुद्द्यावर. पत्रकारिता सोडतो म्हणाला खरा, पण 'ल प्वँ' या फ्रेंच साप्ताहिकातलं सदर चालूच राहिलं. आक्षेप मला अर्धाच पटतो, पण लेख आणि आक्षेप लागोपाठ वाचा.

वाळवंटी: बरोबर. 'हूरी'ला तीच पार्श्वभूमी लागते. २००५च्या सलोखा सनदेनंतर २००६मध्ये आलेल्या आदेशाचं ४६वं कलम यादवीच्या जखमा उकरून राज्यसंस्थेची बदनामी करणाऱ्याला तीन ते पाच वर्षं कैद सांगतं. गळा चिरूनही वाचलेली, आवाज गेलेली 'हूरी'ची नायिका ओब पोटातल्या मुलीशी मनातल्या मनात बोलते, ते या कलमाच्या सावलीत. दमवणारं स्वगत आहे, रोज थोडंच वाचा. अडलात तर पहिल्या कादंबरीचा जॉन कलेनकृत इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून हात बसवून घ्या, मग 'हूरी'कडे या.