प्रति: 'डीएसटी आपोआप बदलणारं घड्याळ घ्या, कटकट मिटेल'

मिटेलच असं नाही. (डीएसटी म्हणजे डेलाइट सेव्हिंग टाइम: वसंतात घड्याळ एक तास पुढे करायचं, शरदात परत मागे.) जुनं किंवा सेकंडहँड घेणार असाल, तर ते 2007 च्या आधीचं आहे का ते आधी बघा. अमेरिकेत तोवर वेळ एप्रिलच्या पहिल्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलायची. 2007 पासून ती मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलते. 2007 च्या आधीच्या अशा बऱ्याच घड्याळांच्या चिपमध्ये जुन्या तारखा कायमच्या कोरलेल्या असतात, त्यामुळे वसंतात ती तीन-चार आठवडे मागे राहतात आणि शरदात आठवडाभर आधीच मागे जातात. म्हणजे वर्षातून दोनदा करायचं काम चारदा! अशा घड्याळाला डीएसटीचं बटण असेल तर सरळ बंद करून टाका. नसेल, तर त्या मधल्या आठवड्यांपुरता टाइमझोन एक घर पूर्वेला सरकवा (शिकागोत असाल तर सेंट्रलऐवजी ईस्टर्न); वसंतात जुनी तारीख उलटली की आणि शरदात नवी तारीख आली की परत सेंट्रल.

साध्या मायक्रोवेव्ह-ओव्हनला तारीखच माहीत नसते, तिथे मात्र हातानेच. आणि अॅरिझोनात राहणाऱ्यांनी आपोआप बदलाची सोय मुळीच चालू ठेवू नये, नाव्हाहो या मूळनिवासी जमातीचा भाग सोडला तर तिथे वेळ बदलतच नाही.