चर्चा: वचन टोचलं की पाळक बदलायचा का?

धागाकर्ता:
सगळ्यांना सलाम. दोन आठवडे हेच डोक्यात आहे म्हणून लिहितोय. आमच्या चर्चच्या पाळकांनी बायबलमधलं याकोबाचं पत्र, अध्याय २ घेतला, सोन्याची अंगठीवाला आला की त्याला चांगली जागा आणि गरिबाला तू तिकडे उभा राहा, तो भाग. मग सरळ विचारलं, स्थळ आलं की आपण अजून "मूळचे कोण?", म्हणजे आधीची जात, का विचारतो, बाप्तिस्मा होऊन तीन-चार पिढ्या झाल्या ना? माझ्या पुढच्या बाकावरच्या काकांनी शास्त्र मिटलं, चष्मा केसमध्ये घातला आणि प्रभुभोजनाआधीच उठून गेले. संध्याकाळी कमिटीकडे तक्रार, लोक आठवडाभर दमून येतात, उत्तेजन देणारे संदेश द्या. आता पाळक बदलायचा म्हणून सह्या गोळा होतायत.

मला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला अध्याय ३६ आठवला. यहोयाकीम राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसलाय, यिर्मयाने सांगितलेली, बारूखाने लिहिलेली देवाच्या वचनाची गुंडाळी वाचली जातेय, तीन-चार रकाने झाले की तेवढा भाग चाकूने कापून विस्तवात, असं करत अख्खी गुंडाळी संपली. दरबारातले तिघं जाळू नका म्हणत होते, ऐकलं नाही. याचाच बाप योशीया, मंदिरात सापडलेलं नियमशास्त्र ऐकून त्याने अंगावरची वस्त्रं फाडली होती. बापाने वस्त्रं फाडली, पोराने वचन कापलं. आपली ती सह्यांची वही मला त्या चाकूसारखीच वाटते.

नगरकर:
नाही पटलं. टोचतं ते सगळं देवाचंच असतं असं कुठंय? संकटात सापडलेल्या ईयोबाला त्याचे मित्र किती कडक बोलले, आणि शेवटी देवाने त्यांच्यातल्या अलीफजालाच सुनावलं की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. माझ्या बहिणीचा घटस्फोट झाला तेव्हा एका बाहेरच्या प्रचारकाने भर उपासनेत तिच्याकडे बघत घर मोडणाऱ्या बायांवर अर्धा तास काढला, सहा वर्षं झाली ती चर्चची पायरी चढलेली नाही. त्यालाही सगळे "सत्य बोलतो" म्हणायचे. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे त्याचं पाप दाखवायला गेला तर आधी गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगितली, राजाला स्वतःच्या तोंडाने न्याय करू दिला, मग म्हणाला तो माणूस तूच.

वसईची मावशी:
नगरकर भाऊ, बहिणीसोबत झालं ते फार वाईट, त्याला वचन म्हणूच नका. पण एक फरक बघा ना. प्रचारक एकट्या दुखावलेल्या बाईवर बोलला. याकोब तर पुढच्या खुर्चीत बसणाऱ्यांवर बोलतोय, आणि इथे उठून गेले ते पुढच्याच बाकावरचे. आणि दावीद राजा होता, नाथानाला हाकलून देऊ शकला असता, पण म्हणाला मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. आमच्याकडे वसईतपण फादर असलं काही बोलले की मिस्सा संपल्यावर बाहेर आवाजावरच चर्चा होते, विषय बाजूलाच राहतो.

नगरकर:
मावशी, तो फरक मान्य. तरी माझं म्हणणं, जो सांगतो त्याने स्वतःपासून सुरुवात करावी. पाळकांनी स्वतःच्या मुलाला सून कशी शोधली? ते सांगितलं असतं तर काका बसले असते कदाचित.

धागाकर्ता:
विचारलं मी त्यांना, काल घरी जाऊन. म्हणाले, थोरल्याच्या वेळी मीपण तेच विचारलं होतं, एक चांगली मुलगी त्यापायी नाकारली, तिचे वडील आजही रविवारी समोर बसतात आणि माझी मान वर होत नाही. हे मंडळीपुढे सांगा म्हटलं, तर बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले आधी त्या वडिलांकडे जाऊन येतो. नगरकर, तुमचा मुद्दा बरोबर निघाला.

आणि माझं सांगायचं तर बहिणीचा बायोडाटा मीच टाईप केलाय. "मूळ" असा रकाना आहे त्यात, फोटोच्या खालीच. रात्री आईसमोर लॅपटॉप उघडून तो काढला. आई काही बोलली नाही, मामांना कळलंय, ते कालपासून माझा फोन घेत नाहीयेत. सहीची वही उद्या आमच्या गल्लीत येतेय.