गाळ थेट भरावात नको
'मैलापाण्याचा गाळ वाळवून सरळ रस्त्याखालच्या भरावात टाका' हे मला तरी पटत नाही. पाणी पिळून काढणाऱ्या प्रेसमधून निघालेली गाळाची वडी हाताला घट्ट लागते, पण तिच्यात ७५-८० टक्के पाणीच असतं. ते उडवलं तरी कोरड्या गाळात निम्म्याच्या आसपास सेंद्रिय भाग उरतो. तो सावकाश कुजतो, वायू सुटतो आणि वरचा रस्ता खचतो. रोलर कितीही फिरवा! चुना मिसळून पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) १२ वर नेला की जंतू मरतात, वासही कमी होतो, पण सेंद्रिय भाग तसाच राहतो. त्यापेक्षा भट्टीत जाळून उरलेली राख बरी. मात्र जस्त, तांबं राखेतच साठतात, तेव्हा पाण्यात काय उतरतं ती चाचणी आधी. विहिरीजवळ तर मी राखही घालणार नाही.